फ्रेमवर्क जोडले आणि पाने विस्कटली

या सदराकडे अलीकडे आलेले बरेचसे प्रश्न एकाच कामाविषयीचे आहेत. अनेक वाचक आपल्या चालू वेब-अ‍ॅप्लिकेशनला बूटस्ट्रॅप किंवा टेलविंड यांसारखे शैलीचे फ्रेमवर्क, म्हणजे पानाच्या रूपाच्या तयार नियमांचा संच, जोडत आहेत आणि वाटेत अडखळत आहेत. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला मुद्दाम अधिक जागा दिली आहे, कारण पुढच्या अडचणींपैकी बऱ्याच अडचणींचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : आमचे वेब-अ‍ॅप्लिकेशन सात-आठ वर्षांपासून वापरात आहे. पाने सर्व्हरवर टेम्प्लेटमधून (साच्यांतून) तयार होतात आणि सगळी सीएसएस, म्हणजे पानाचे रूप ठरवणारे नियम, आम्ही हाताने लिहिलेली आहे. फॉर्म व तक्ते नीटनेटके दिसावेत आणि मोबाइलवरही चालावेत म्हणून मूळ टेम्प्लेटमध्ये, आमच्या फाइलच्या खाली, बूटस्ट्रॅप ५ ची फाइल जोडली. तिच्यातला एकही क्लास (शैली लागू व्हावी म्हणून घटकाला द्यायचे नाव) अजून वापरलेला नव्हता, तरीही सगळी पाने बदलली. चौकटी अरुंद झाल्या, मजकुराची अक्षरे बारीक झाली आणि एका पानावर शेजारी-शेजारी असणारे भाग एकाखाली एक गेले. फाइल काढली की सारे पूर्ववत होते. आमचे कुठे चुकले?

उत्तर : क्लास वापरला नाही म्हणजे फ्रेमवर्क लागू झाले नाही, हा समज आधी दूर करायला हवा. बूटस्ट्रॅपच्या फाइलमध्ये दोन जातींचे नियम असतात. काही नियम क्लासला बांधलेले असतात आणि तो क्लास लिहिल्याशिवाय ते जागे होत नाहीत. उरलेले नियम मात्र मजकूर, मथळे, दुवे, तक्ते, बटणे अशा मूळ घटकांवर थेट लागू होतात. बूटस्ट्रॅपमध्ये या भागाला रीबूट म्हणतात आणि टेलविंडमध्ये प्रीफ्लाइट. निरनिराळ्या ब्राउझरांच्या मूळ शैलींमधले फरक पुसून सर्वत्र सारखा पाया तयार करणे हे त्याचे काम आहे. कोऱ्या प्रकल्पात त्याची मोठी मदत होते. आपली सीएसएस मात्र सात-आठ वर्षे ब्राउझरच्या मूळ पायावर उभी होती, आणि तो पायाच एका ओळीने बदलला गेला.

आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे याच दृष्टीने तपासून पाहू.

चौकटी अरुंद होण्याचे कारण बॉक्स-सायझिंग हा गुणधर्म आहे. समजा, आपण एका चौकटीला ३०० पिक्सेल रुंदी, दोन्ही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग (मजकूर आणि किनार यांमधली मोकळी जागा) आणि १ पिक्सेलची किनार दिली आहे. सीएसएसच्या मूळ हिशेबात ३०० ही फक्त आतल्या मजकुराची रुंदी असते, म्हणून चौकट प्रत्यक्षात ३४२ पिक्सेल जागा घेते. रीबूट सर्व घटकांना बॉर्डर-बॉक्स हा हिशेब लावतो. त्यात पॅडिंग आणि किनार धरून सगळे मिळून ३०० होतात आणि मजकुराला २५८ पिक्सेलच उरतात. हा दुसरा हिशेब अधिक सोयीचा आहे आणि आज बहुतेक सर्वजण तोच पसंत करतात, पण आपल्या फाइलमधील प्रत्येक आकडा पहिल्या हिशेबाने लिहिलेला आहे.

अक्षरे बारीक झाली असतील तर आपल्या सीएसएसमध्ये एचटीएमएल या मूळ घटकाला ६२.५ टक्के किंवा १० पिक्सेल असा अक्षराचा आकार दिलेला आहे का, हे पाहावे. रेम या एककाचा (मूळ घटकाचा अक्षर-आकार म्हणजे १ रेम) हिशेब सोपा व्हावा म्हणून ही युक्ती अनेक वर्षे सर्रास वापरली जात असे, आणि बूटस्ट्रॅपच्या तिसऱ्या आवृत्तीतही मूळ आकार १० पिक्सेलच होता. पाचवी आवृत्ती १ रेम म्हणजे १६ पिक्सेल असे गृहीत धरून लिहिलेली आहे. तिने मजकुराला १ रेम आकार दिला आणि आपल्या मुळाशी १० पिक्सेल असले, तर अक्षरे दहाचीच उमटणार. केवळ अक्षरेच नव्हे, तर बूटस्ट्रॅपची सगळी अंतरे आणि बटणांच्या कडासुद्धा त्याच प्रमाणात आकसतात. मुळाचा आकार १६ वर आणून आपल्या जुन्या रेम-मापांना १.६ ने भागणे हा यावरचा सरळ उपाय आहे. काम कंटाळवाणे असले तरी ते एकदाच करावे लागते.

तिसऱ्या लक्षणाच्या बाबतीत मात्र आपण बूटस्ट्रॅपचा एक क्लास नकळत वापरलेला असण्याची दाट शक्यता आहे. रो, कंटेनर, कार्ड, अलर्ट, बॅज, मोडल ही नावे इतकी स्वाभाविक आहेत की आपल्या आधीच्या विकसकांनीही ती दिलेली असतात. बूटस्ट्रॅपचा रो हा क्लास फ्लेक्स मांडणी सुरू करतो आणि आपल्या प्रत्येक थेट अपत्याला, म्हणजे लगेच आतल्या घटकाला, शंभर टक्के रुंदी देतो. फ्लेक्स मांडणीत फ्लोट निष्प्रभ ठरतो, त्यामुळे जुन्या पद्धतीने डावीकडे तरंगवलेले भाग एकाखाली एक जाऊन बसतात. म्हणून फाइल जोडण्यापूर्वी आपल्या टेम्प्लेटमधील क्लासच्या नावांची यादी काढून ती बूटस्ट्रॅपच्या नावांशी ताडून पाहणे आवश्यक असते. टेलविंडमध्ये सर्व क्लासना उपसर्ग लावण्याची सोय आहे. बूटस्ट्रॅपमध्ये क्लासच्या नावांसाठी तशी सोय नाही, त्यामुळे नाव आपल्यालाच बदलावे लागते, आणि ते कामाच्या सुरुवातीलाच बदललेले बरे.

आता उपायाकडे वळू. पहिला सल्ला बहुधा असा मिळतो की फ्रेमवर्कची फाइल आधी आणि आपली फाइल नंतर जोडावी. आपण उलट क्रम लावला होता, तेव्हा हा बदल जरूर करावा. दोन नियमांच्या सिलेक्टरांचे, म्हणजे नियम कोणत्या घटकांना लागू होतो हे सांगणाऱ्या भागांचे, वजन सारखे असले तर नंतरचा नियम जिंकतो, त्यामुळे मजकुराचा आकार आणि दुव्यांचा रंग आपल्या हाती परत येईल. परंतु जिथे आपण काही लिहिलेलेच नाही तिथे क्रमाचा काही उपयोग नाही. बॉक्स-सायझिंग आपल्या फाइलमध्ये नसेल, तर ते बूटस्ट्रॅपचेच राहणार. शिवाय उलट बाजूनेही अडचण येते. सिलेक्टरच्या वजनात एक आयडी (पानावरील एकाच घटकाला दिलेले नाव) कितीही क्लासना भारी पडतो. जुन्या फाइलमध्ये आयडीने सुरू होणारे लांबलचक सिलेक्टर असतील, तर उद्या तक्त्याला लावलेला बूटस्ट्रॅपचा क्लास त्यांच्यापुढे टिकत नाही. मग कोणीतरी इम्पॉर्टंट, म्हणजे नियमाला इतरांवर मात करू देणारी खूण, लिहितो, त्यावर मात करण्यासाठी दुसरा आणखी एक इम्पॉर्टंट लिहितो, आणि वर्षभरात ती फाइल कोणी हात लावू धजणार नाही अशी होते. मी अशा फाइलींवर काम केले आहे, म्हणून हे कळकळीने सांगतो.

कॅस्केड लेयर ही सोय २०२२ च्या सुरुवातीपासून सर्व प्रमुख ब्राउझरांमध्ये आहे. तिच्या साहाय्याने सीएसएसचे थर पाडता येतात आणि सिलेक्टरचे वजन काहीही असले तरी वरच्या थराचा नियम जिंकतो. थरात न घातलेली सीएसएस सर्व थरांच्या वर मानली जाते. म्हणून बूटस्ट्रॅप एका थरात आयात केले आणि जुनी फाइल तशीच मोकळी ठेवली, की जुन्या नियमांचा मान अबाधित राहतो. मात्र यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपल्या फाइलमध्ये 'बटण' या घटकावर थेट लिहिलेला नियम असेल, तर तोसुद्धा आता बूटस्ट्रॅपच्या बटणाच्या क्लासवर मात करील, कारण थरापुढे वजन चालत नाही. दुसरे असे की इम्पॉर्टंट लिहिलेल्या नियमांना थरांचा क्रम उलटा लागतो. बूटस्ट्रॅपचे अंतर, रंग वगैरे देणारे छोटे उपयोगी क्लास इम्पॉर्टंटनेच लिहिलेले असल्यामुळे ते थरात असूनही आपल्या नियमांना हटवतात.

माझे मत विचाराल तर एका पानावर जुनी आणि नवी शैली एकत्र नांदवण्याच्या फंदात पडू नये. दोन मूळ टेम्प्लेट करावीत. एकात फक्त जुनी सीएसएस असावी, दुसऱ्यात बूटस्ट्रॅप आणि आपल्या गरजेपुरती लहानशी नवी फाइल असावी, आणि एकेक पान पहिल्याकडून दुसऱ्याकडे न्यावे. प्रत्येक पान कोणत्याही क्षणी पूर्णपणे एकाच बाजूला असते, त्यामुळे बिघाड झाला तर तो कुठे शोधायचा हे ठाऊक असते. खरी अडचण येते ती दोन्हीकडे दिसणाऱ्या शीर्षपट्टीची आणि मेनूची. ती दोनदा लिहावी लागते आणि स्थलांतर संपेपर्यंत दोन्ही प्रती सारख्या ठेवाव्या लागतात. हा भुर्दंड मला मान्य आहे. थरांचा उपयोग मी एवढ्याचसाठी करीन की एखादे पान फार मोठे असून त्याचा अर्धाच भाग आधी हलवायचा आहे.

पहिले पान निवडताना लॉगिनचे पान घेण्याचा मोह टाळावा. ते लहान असते खरे, पण त्यातून काही शिकायला मिळत नाही आणि मोडले तर सगळेच बाहेर अडकतात. एक फॉर्म, एक तक्ता आणि चूक झाल्याचा संदेश दाखवण्याची जागा असे सगळे असलेले, पण कमी वर्दळीचे पान घ्यावे. त्यातला फॉर्मचा एक रकाना, म्हणजे लेबल, खाना, खालची सूचना आणि चूक झाल्याचा संदेश, यांचा एकच टेम्प्लेट-तुकडा करावा आणि बूटस्ट्रॅपचे क्लास त्या तुकड्यातच लिहावेत. पुढच्या प्रत्येक फॉर्मने हा तुकडाच बोलवावा. पुढे फ्रेमवर्कची आवृत्ती बदलली, क्लासची नावे बदलली, तर बदल त्या एका जागी होतो. ती नावे बदलतातच. चौथ्या आवृत्तीतील डाव्या-उजव्या अंतराचे क्लास पाचवीत 'प्रारंभ' आणि 'अंत' या अर्थाच्या नावांनी आले, कारण उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपींचाही विचार त्यात केला गेला.

मोबाइलविषयी एकच गोष्ट. व्ह्यूपोर्टची मेटा-ओळ, म्हणजे पानाची रुंदी पडद्याइतकी धरा असे ब्राउझरला सांगणारी ओळ, जुन्या टेम्प्लेटमध्ये बहुधा नसते. ती नसली तर मोबाइलचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद समजून मांडतो आणि मग आकसून दाखवतो, त्यामुळे बूटस्ट्रॅपची ७६८ किंवा ५७६ पिक्सेलखालच्या रुंदीसाठीची मांडणी कधी लागूच होत नाही. पानाच्या आरंभी डॉकटाइपची (पान प्रमाणित एचटीएमएलचे असल्याचे सांगणारी) ओळ आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

प्रश्न : फ्रेमवर्कची फाइल सीडीएनवरून, म्हणजे अशा फाइली सर्वांना पुरवणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरांवरून, घ्यावी की आपल्या सर्व्हरवर ठेवावी?

उत्तर : आपल्या सर्व्हरवर ठेवावी. सीडीएनच्या बाजूने पूर्वी असा युक्तिवाद असे की दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळामुळे तीच फाइल वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये आधीच साठवलेली असेल. तो आता उरलेला नाही. सफारीने आधीच, आणि क्रोम व फायरफॉक्सने २०२०-२१ च्या सुमारास, साठवणीचे संकेतस्थळानुसार विभाग पाडले. त्यामुळे एका ठिकाणी उतरवलेली फाइल दुसऱ्या ठिकाणी कामी येत नाही. बूटस्ट्रॅपची संक्षिप्त केलेली सीएसएस फाइल सुमारे २३० किलोबाइटची असली, तरी सर्व्हरने जीझिपने दाबून पाठवली की ती ३० किलोबाइटच्या आसपास येते. म्हणून ही दाबणी सुरू आहे का, एवढे पाहावे.

प्रयोगापुरती किंवा नमुना-पानापुरती सीडीएनची ओळ वापरायला हरकत नाही. त्या वेळी आवृत्तीचा पूर्ण क्रमांक लिहावा आणि इंटेग्रिटी हा गुणधर्म गाळू नये. त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, असतो आणि आलेली फाइल त्याच्याशी जुळली नाही तर ब्राउझर ती नाकारतो. आपल्या अ‍ॅप्लिकेशनला कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानात काय कुठून आणता येईल हे ठरवणारे धोरण) लावलेली असेल, तर आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. बूटस्ट्रॅपच्या चेकबॉक्समधली बरोबरची खूण, बंद करण्याची फुली अशी लहान चित्रे सीएसएसच्याच आत डेटा-पत्त्याच्या रूपाने असतात. चित्रांच्या धोरणात त्यांना परवानगी नसेल तर चेकबॉक्स टिचकी घेतात, पण खूण दिसत नाही, आणि दोष कुठे आहे ते लवकर उमगत नाही.

प्रश्न : आम्ही तिघे मिळून नवे अ‍ॅप्लिकेशन सुरू करीत आहोत. बूटस्ट्रॅप घ्यावे की टेलविंड, यावर एकमत होत नाही. आपला कौल काय?

उत्तर : दोघांचा जन्म पाहिला तर निवड सोपी होते. बूटस्ट्रॅप मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी ट्विटरमध्ये असताना तयार केले. तिथली अंतर्गत साधने निरनिराळ्या पद्धतींनी लिहिली जात होती आणि त्यांत एकसारखेपणा यावा ही गरज होती. ऑगस्ट २०११ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. बटण, कार्ड, मेनू, मोडल असे तयार घटक ते हाती देते. ज्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये प्रामुख्याने फॉर्म, याद्या आणि अहवाल आहेत, आणि ज्या गटात चित्ररचना करणारे कोणी नाही, तिथे आजही मी बूटस्ट्रॅपच सुचवतो. पाने एकमेकांसारखी दिसतात ही त्याच्याविषयीची नेहमीची तक्रार आहे. दिवसभर त्याच पानांवर काम करणाऱ्या माणसाला तो सारखेपणा हवासा वाटतो.

टेलविंड २०१७ च्या अखेरीस अ‍ॅडम वॅदन यांनी पुढे आणले. त्यात तयार बटण मिळत नाही. अंतर, रंग, आकार यांचे बारीक क्लास मिळतात आणि ते टेम्प्लेटमध्ये एकापुढे एक लिहून आपणच बटण घडवायचे असते. स्वतःची ठरलेली रचना असेल, आणि पाने कंपोनंटमध्ये, म्हणजे पुन्हा वापरता येणाऱ्या तुकड्यांमध्ये, विभागलेली असतील, तर ही पद्धत फार सुखाची आहे. सीएसएसची वेगळी फाइल वाढत जात नाही आणि एखादा क्लास काढला तर दुसरे कोणते पान मोडेल ही भीती राहत नाही. कंपोनंट किंवा टेम्प्लेट-तुकडे करण्याची शिस्त मात्र हवी. ती नसेल तर वीस-वीस क्लासची तीच माळ ठिकठिकाणी चिकटवली जाते आणि बटणाची कड बदलायची म्हटले की शोधाशोध सुरू होते.

टेलविंडच्या कामाची एक रीत आधीच समजून घ्यावी. ते आपल्या फाइली निव्वळ मजकूर म्हणून वाचते, त्यात दिसलेल्या क्लासच्या नावांपुरतीच सीएसएस तयार करते आणि कोड चालवून पाहत नाही. त्यामुळे रंगाचे नाव चलातून घेऊन क्लासचे नाव तुकड्यांनी जोडले, तर ते त्याला सापडत नाही आणि तो रंग येत नाही. अनेकदा तोच क्लास दुसऱ्या एखाद्या पानावर पूर्ण लिहिलेला असतो, म्हणून सगळे काही दिवस सुरळीत दिसते, आणि ते दुसरे पान बदलल्यावर इथला रंग अचानक नाहीसा होतो. यश, इशारा, चूक अशा प्रत्येक स्थितीसाठी पूर्ण क्लासनावांचा तक्ता कोडमध्ये लिहावा आणि त्यातून निवड करावी.

आपले वापरकर्ते जुन्या यंत्रांवर असतील तर हेही पाहावे की जानेवारी २०२५ मध्ये आलेली टेलविंडची चौथी आवृत्ती सफारी १६.४, क्रोम १११ आणि फायरफॉक्स १२८ यांच्यापासून पुढे चालते. त्याहून जुने ब्राउझर सांभाळायचे असतील तर तिसऱ्या आवृत्तीवर थांबावे लागेल. जावास्क्रिप्ट अजिबात नको आणि तयार घटक मात्र हवेत, अशी गरज असेल तर बुल्मा हा तिसरा पर्यायही आहे. तो निव्वळ सीएसएसचा आहे.

तिघांचे एकमत होत नसेल तर तेच एक फॉर्मचे पान दोन्ही पद्धतींनी लिहून पाहावे. त्यात दोन दिवस जातील, पण नंतर आवडीनिवडींवर बोलण्याऐवजी समोरच्या कोडवर बोलता येईल.

प्रश्न : आमच्या रिअ‍ॅक्ट (पाने घडवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) अ‍ॅप्लिकेशनमध्ये बूटस्ट्रॅपची मोडल, म्हणजे पानाच्या वर उघडणारी, खिडकी वापरली आहे. खिडकी उघडी असताना दुसऱ्या पानावर गेले की खिडकी जाते, पण काळसर पडदा तसाच राहतो आणि पान वर-खाली सरकत नाही. काय करावे?

उत्तर : इथे एकाच पानावर दोघांचा ताबा आहे. पानाची रचना आपणच बदलतो असे रिअ‍ॅक्ट धरून चालते, आणि बूटस्ट्रॅपची जावास्क्रिप्टही स्वतंत्रपणे तेच करते. खिडकी उघडताना बूटस्ट्रॅप तो पडदा रिअ‍ॅक्टच्या मूळ घटकाबाहेर, थेट बॉडीच्या शेवटी जोडते आणि बॉडीचे सरकणे थांबवते. पान बदलल्यावर रिअ‍ॅक्ट आपल्याला ठाऊक असलेली खिडकी काढून टाकते, पण पडद्याची त्याला खबरच नसते.

कंपोनंट निघताना बूटस्ट्रॅपची आवराआवर स्वतः करण्याचा प्रयत्न पुष्कळजण करतात. खिडकी मिटण्याच्या हालचालीला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात घटकच नाहीसा झालेला असतो, त्यामुळे हा उपाय कधी चालतो, कधी चालत नाही. बूटस्ट्रॅपची फक्त सीएसएस ठेवून जावास्क्रिप्ट काढून टाकावी आणि रिअ‍ॅक्ट-बूटस्ट्रॅप हे पॅकेज घ्यावे. त्यात हेच घटक रिअ‍ॅक्टच्या रीतीने पुन्हा लिहिलेले आहेत. अँग्युलर हे तशाच कामाचे फ्रेमवर्क वापरणाऱ्यांसाठी एनजी-बूटस्ट्रॅप आहे.

सर्व्हरवर पाने तयार करणाऱ्यांना हा त्रास होत नाही. त्यांच्याकडे वेगळी तक्रार ऐकू येते, ती म्हणजे मेनू टिचकीने उघडतो आणि त्याच क्षणी मिटतो. तिथे बहुधा बूटस्ट्रॅपची स्क्रिप्ट दोनदा जोडलेली असते, एकदा बिल्डमधून आणि एकदा टेम्प्लेटमधल्या विसरलेल्या ओळीतून. मेनू मुळीच उघडत नसेल तर डेटा-टॉगल हे जुने नाव शोधावे. पाचव्या आवृत्तीत ते डेटा-बीएस-टॉगल झाले आहे, आणि जुने नाव राहिले तर कोणतीही चूक न दाखवता काहीच घडत नाही.

प्रश्न : बूटस्ट्रॅपच्या प्रायमरी रंगाचे सीएसएस व्हेरिएबल बदलले. पार्श्वभूमीचा रंग बदलला, बटणे मात्र निळीच राहिली. असे का?

उत्तर : बटणांचे रंग फाइल तयार होतानाच सॅसमधून (जिच्यातून सीएसएस तयार होते ती भाषा) काढून बटणाच्या स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये लिहिलेले असतात. ती मुख्य व्हेरिएबलकडे पाहत नाहीत. सॅस वापरत असाल तर बूटस्ट्रॅप आयात करण्याच्या ओळीच्या आधी प्रायमरी रंगाची किंमत लिहावी. ती आयातीनंतर लिहिली तर काही होत नाही, कारण बूटस्ट्रॅपची मूळ किंमत 'आधी कोणी दिलेली नसेल तरच' या अटीवर असते आणि तोवर सगळे रंग काढून झालेले असतात. या मार्गाचा आणखी एक लाभ आहे. बटणावरची अक्षरे पांढरी असावीत की गडद, हे सॅस त्या रंगावरून स्वतः ठरवते. सॅस नसेल तर बटणाची व्हेरिएबले हाताने बदलावी लागतात. त्यांत माउस वर असतानाची, दाबलेली आणि निष्क्रिय अशा तिन्ही स्थिती याव्यात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील कॉन्ट्रास्ट साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ असावा, ही डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक नियमावलीची अट त्या वेळी आपल्यालाच तपासावी लागते.

प्रश्न : आमच्या अ‍ॅप्लिकेशनचा मजकूर मराठीत आहे. फ्रेमवर्क जोडल्यापासून मथळ्यांमधील वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, उकार खालून तुटतात. काही ठिकाणी अक्षरे सुटी-सुटी दिसतात. यावर उपाय आहे का?

उत्तर : आहे, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले आभार मानतो, कारण मराठी पानांवर हा दोष मी नेहमी पाहतो आणि तो कोणी कळवत नाही. या फ्रेमवर्कांची मापे रोमन अक्षरे समोर ठेवून ठरवलेली आहेत. बूटस्ट्रॅपमध्ये मथळ्यांच्या ओळीची उंची अक्षराच्या १.२ पट असते. टेलविंडमध्ये सर्वांत मोठ्या काही आकारांना ती केवळ एक पट आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी आणि रफार यांना जागा लागते, तर खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांची उतरंड असते. केवळ ओळ अरुंद असली तर दोन ओळींतील चिन्हे एकमेकांना भिडतात. कापली जातात ती जिथे घटकाबाहेरचा भाग लपवलेला असतो तिथे. लांब मथळा एका ओळीत ठेवून शेवटी टिंबे दाखवणारा टेक्स्ट-ट्रंकेट हा क्लास नेमके हेच करतो. आपल्या पानावर आधी तोच शोधावा. ठरावीक उंची दिलेली बटणे आणि तक्त्याच्या शीर्षओळी ही त्यानंतरची ठिकाणे आहेत.

मथळ्यांची उंची मी १.४ ते १.५ पट आणि परिच्छेदांची १.७ च्या आसपास ठेवतो. बूटस्ट्रॅपमध्ये त्यासाठी सॅसचे व्हेरिएबल आहे, टेलविंडमध्ये थीममध्ये बदल करता येतो. उंची पिक्सेलमध्ये बांधण्याऐवजी वर-खाली पॅडिंग द्यावे, म्हणजे बटण अक्षरांप्रमाणे वाढते.

अक्षरे सुटी दिसतात ती अक्षरांमधील अंतर वाढवणाऱ्या गुणधर्मामुळे. रोमन कॅपिटल अक्षरांत ते शोभते, देवनागरीत शिरोरेषा तुटते. तक्त्याची शीर्षके किंवा लहान लेबले यांच्या तयार नमुन्यांत 'बारीक आकार, कॅपिटल अक्षरे, वाढवलेले अंतर' ही तिकडी वारंवार आढळते. देवनागरीत कॅपिटल नसल्यामुळे त्यातला एक घटक निकामी होतो आणि दुसरा घातक ठरतो. तिथे अंतर शून्यावर आणून अक्षर ठळक करावे किंवा त्याचा रंग बदलावा.

पानाच्या एचटीएमएल घटकावर भाषा मराठी असल्याचे लिहावे. त्यामुळे वाचून दाखवणाऱ्या साधनांना योग्य उच्चार निवडता येतो. शिवाय ज्या फाँटमध्ये तशी सोय आहे त्यांत ल आणि श यांची मराठी वळणे उमटतात. मिश्र भाषेच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये याच खुणेच्या आधारे फक्त मराठी मजकुराला वेगळी ओळ-उंची देता येते. फाँटही आपणच ठरवावा. फ्रेमवर्कच्या मूळ यादीवर विसंबले तर देवनागरी अक्षरे यंत्रागणिक वेगळ्या फाँटमध्ये उमटतात आणि आपण केलेली मापे एका ठिकाणी जुळून दुसऱ्या ठिकाणी चुकतात. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता यांपैकी एक नेमून तो आपल्याच सर्व्हरवरून द्यावा, आणि घटक तपासताना नमुन्याच्या निरर्थक रोमन मजकुराऐवजी 'आर्थिक', 'मूर्ती', 'उद्धृत', 'शुश्रूषा' असे वर-खाली पसरणारे शब्द प्रत्येक मथळ्यात, बटणात आणि तक्त्याच्या शीर्षओळीत घालून पाहावेत.